शिक्का नसलेली चांदी

वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, कुठल्याही सराफी पेढीवर जुनी चांदी मोडीत घालायला नेली की दोनच गोष्टी पाहिल्या जातात: वजन आणि टंच, म्हणजे शुद्धता. ताम्हण कुठल्या गावचे, कुणाच्या हातचे, किती वर्षांपूर्वीचे, हे विचारण्याची रीत नाही आणि विकणाऱ्यालाही बहुधा त्याचे उत्तर ठाऊक नसते. नवी मुंबईत अशी चांदी थोडीथोडकी नाही. १९७० साली हे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाल्यावर इथे माणसे आली ती सगळ्या महाराष्ट्रातून. घाऊक बाजार दक्षिण मुंबईतून तुर्भे-वाशीकडे हलला, त्याच्याबरोबर साताऱ्याकडचे माथाडी आले. कोकणातली, खानदेशातली, विदर्भातली कुटुंबे आली. घर बदलताना पलंग आणि कपाटे मागे राहिली, देवघर मात्र प्रत्येकाने बरोबर आणले. त्यामुळे राज्याच्या जवळजवळ प्रत्येक भागातली चांदी आज या एका शहरात आहे. ती रोज थोडी थोडी मुशीत जाते आहे आणि तिच्याबरोबर एक इतिहासही वितळतो आहे.

हा आढावा त्या इतिहासाचा आहे. मराठी मुलखात चांदीचे शोभिवंत आणि पूजेचे काम कोणी केले, कसे केले, त्याची नोंद किती झाली आणि का झाली नाही, हा त्यातला प्रश्न. तो नीट समजण्यासाठी अगदी उलट टोकाचे एक उदाहरण समोर ठेवायला हवे. ते रशियातले आहे.

झारच्या काळातला रशियन चांदीचा चहाचा चमचा हातात घ्या. दांड्याच्या मागे तीन-चार बारीक शिक्के दिसतील. ‘८४’ हा आकडा शुद्धता सांगतो. रशियन पौंडाचे ९६ झोलोत्निक होत आणि त्यांतले ८४ चोख चांदीचे, म्हणजे हजारात ८७५. याहून चोख मालावर ८८ किंवा ९१ असे. दुसरा शिक्का शहराचा: अजगराला भाल्याने मारणारा घोडेस्वार संत दिसला तर मॉस्को, एकमेकांवर आडवे टाकलेले नांगर आणि राजदंड दिसला तर सेंट पीटर्सबर्ग. तिसऱ्यात चांदी तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याची आद्याक्षरे आणि बऱ्याचदा सालही. चौथ्यात घडवणाऱ्याचे नाव किंवा आद्याक्षरे. १८९९ पासून पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीच्या मुखाचा शिक्का वापरात आला. ते मुख डावीकडे वळलेले असेल तर वस्तू १९०८ पूर्वीची, उजवीकडे असेल तर त्यानंतरची. या व्यवस्थेचा पाया पीटर द ग्रेटने १७०० मध्ये काढलेल्या हुकुमाने घातला. हेतू करवसुलीचा आणि फसवणूक रोखण्याचा होता. कलेच्या इतिहासाची काळजी झारला नव्हती. तरीही त्या रुक्ष कारभारी शिक्क्यांमुळेच आज एखाद्या अनोळखी शेतकऱ्याच्या घरातल्या मिठाच्या डबीचेही जन्मगाव आणि जन्मकाळ सांगता येतो.

त्यामुळे रशियन चांदीकामाला माणसे आहेत. पावेल ओव्चिनिकोव हा जमीनदाराच्या मालकीच्या भूदास कुटुंबात जन्मला आणि त्याने १८५३ मध्ये मॉस्कोत कारखाना काढला. चांदीवर तापलेल्या रंगीत काचेचे मीनाकाम करण्यात त्याच्या कारखान्याने युरोपभर नाव मिळवले. इवान ख्लेब्निकोव त्याच तोडीचा. फ्योदोर र्‍यूकर्टचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. पिळाच्या तारेची बारीक घरे करून त्यांत छटा-छटांचा मीना भरण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. त्याचा पुष्कळ माल फाबर्जे या विख्यात जवाहिऱ्याच्या दुकानातून, फाबर्जेच्या नावाने विकला गेला. पण त्या वस्तूंवर दुकानाच्या शिक्क्याबरोबर त्याची स्वतःची दोन अक्षरेही सापडतात. दुकान मोठे असूनही कारागिराचे नाव पुसले गेले नाही.

पद्धतीही वेगवेगळ्या आणि गावागावांच्या. उत्तरेकडच्या वेलिकी उस्त्यूग गावात चांदीवर काळी नक्षी करीत. चांदी, तांबे, शिसे आणि गंधक एकत्र वितळवून काळा मसाला तयार करायचा, त्याची भुकटी कोरलेल्या रेषांत भरायची, आच द्यायची आणि मग घासून-पुसून पांढऱ्या जमिनीवर काळे चित्र उठवायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही विद्या मरणाला टेकली होती. मिखाईल चिर्कोव हा जवळजवळ शेवटचा जाणकार. त्याने ती तरुण मुलींना शिकवली आणि १९३३ मध्ये तिथे सहकारी कार्यशाळा उभी राहिली. व्होल्गाकाठच्या क्रास्नोये गावात घरोघरी तारकाम चाले, आजही चालते. देवचित्रांना चांदीचे आवरण चढवणे हा तर रशियन सोनारांचा मोठा धंदा होता. लाकडावर रंगवलेल्या चित्रातले मुख आणि हात तेवढे उघडे ठेवून बाकी सगळे वस्त्र, प्रभामंडळ, पार्श्वभूमी उठावाच्या पत्र्याने झाकीत. यातले पुष्कळ काम १९२२ मध्ये नष्ट झाले. दुष्काळाचे कारण देऊन सोव्हिएत सरकारने चर्चमधली मौल्यवान धातूची चीजवस्तू जप्त केली आणि शेकडो टन चांदी गोळा झाली. तरी जे उरले ते ओळखता येते, कारण त्याच्यावर लिहिलेले आहे.

या व्यवस्थेला मर्यादाही आहेत. शिक्का बहुतेक वेळा कारखान्याच्या मालकाचा किंवा प्रमुख कारागिराचा. त्याच्या हाताखालची शेकडो माणसे अनामच राहिली. शिवाय नावाला किंमत आली की नकली शिक्केही आले. फाबर्जेच्या नावाचा खोटा माल जगभर फिरतो. पण खोटे नाव टाकावेसे वाटण्याइतकी खऱ्या नावाची पत असते, हे तरी त्यातून कळते.

रशिया आणि आपला मुलूख यांचा संबंध दूरचा वाटतो, पण तसा तो नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन समुद्रमार्गे चौलला उतरला. रेवदंड्यात त्याच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. नवी मुंबईकरांना अलिबागच्या वाटेने तो सहज पाहता येईल. चौलहून घाट चढून तो जुन्नरला आणि पुढे बहमनी राजधानी बीदरला गेला. सरदारांना चांदीच्या पलंगांवरून वाहून नेतात, पुढे सोन्याच्या साजातले घोडे चालतात, असे वर्णन त्याने प्रवासवृत्तात केले आहे. ज्या बीदरचे वैभव त्याने पाहिले, तिथेच पुढे बिदरीकाम बहरले. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यात कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि मग बीदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर उकळून तिने भांडे काळे करतात. जस्त काळे पडते, चांदी पांढरी राहते. उस्त्यूगच्या कामात चांदीची जमीन आणि काळी नक्षी. बिदरीत काळी जमीन आणि चांदीची नक्षी. दोन दूरच्या प्रदेशांतल्या कारागिरांनी एकाच रंगजोडीची दोन उत्तरे शोधली. मराठी भाषकांची वस्ती असलेल्या या सीमेवरच्या जिल्ह्यातून हे काम औरंगाबादपर्यंतही पोचले. पण जुन्या बिदरी हुक्क्यावर किंवा सुरईवर घडवणाऱ्याचे नाव सापडणे विरळाच.

दुसरा संबंध १८९० सालचा. त्या डिसेंबरात रशियाचा युवराज, पुढचा झार दुसरा निकोलस, ‘पाम्यात अझोवा’ या युद्धनौकेतून मुंबईला आला. या सफरीची आठवण म्हणून फाबर्जेने १८९१ च्या ईस्टरसाठी एक अंडे घडवले. हिरव्या, लाल ठिपक्यांच्या दगडाच्या त्या अंड्यात याच नौकेची सोन्याची इवलीशी प्रतिकृती आहे. ते आज मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये आहे आणि ज्याच्या देखरेखीखाली घडले त्या मिखाईल पेर्खिनचे नाव कोणत्याही संग्रहसूचीत वाचायला मिळते. हा पेर्खिनही खेड्यातल्या शेतकरी घरातला. त्याच दशकात मुंबई-पुण्याचे सोनार जे करंडे, तबके आणि चहाचे संच घडवीत होते, ते आज परदेशी लिलावांत ‘मुंबई, सुमारे १८९०’ किंवा ‘पुणे, सुमारे १८९०’ एवढ्या ओळखीवर विकले जातात.

आता आपल्या चांदीकडे येऊ आणि सुरुवात तिच्या सर्वांत लहान, माझ्या मते सर्वांत सुंदर वस्तूपासून करू. ती म्हणजे देवघरातला टाक. तळहातावर दोन-चार मावतील असा हा चांदीचा उठावाचा पत्रा. त्यावर घोड्यावरचा खंडोबा, शेजारी म्हाळसा, खाली कुत्रा. किंवा महिषासुराला मारणारी भवानी. किंवा जोतिबा, भैरोबा. किंवा घराण्यातला कुणी वीर पूर्वज. टाक करण्याची रीत वरून सोपी दिसते. चांदीची लगड ठोकून पातळ पत्रा काढायचा, मधूनमधून त्याला ताव द्यायचा, कारण ठोकून ठोकून चांदी कडक होते आणि तडकते. मग पत्रा ठशावर ठेवून आकार उठवायचा. खरे कसब पुढे आहे. पत्रा राळेवर बसवून समोरून बारीक छिन्न्यांनी डोळे, मिशा, तलवारीची मूठ, घोड्याची आयाळ काढायची. शेवटी मागे तांब्याचा पत्रा लावून कडा मुडपायच्या. दोन बोटांच्या जागेत घोड्याची चाल दाखवायची असते आणि ती जुन्या टाकांत दिसते. घोड्याचा पुढचा पाय उचललेला, मान वळलेली, खंडोबाचे डोळे सरळ पाहणाऱ्याकडे. शरीराचे प्रमाण कारागिराने मुद्दाम सोडले आहे, डोके मोठे, पाय तोकडे, कारण दर्शन मुखाचे घ्यायचे असते. रशियन देवचित्राच्या चांदीच्या आवरणात जी श्रद्धा आणि जे पत्र्याचे कसब एकवटले आहे, तेच इथे बोटभर जागेत आहे.

आणि नेमकी हीच वस्तू सर्वांत आधी नाहीशी होते. टाक रोज पाण्याने, दह्या-दुधाने न्हातो, कुंकवाने माखतो, पुसला जातो. दोन-तीन पिढ्यांत नाक-डोळे झिजतात. मग नवे टाक करून प्रतिष्ठा करायची आणि जुने पाण्यात सोडायचे किंवा मोडीत घालायचे. परंपरेच्या दृष्टीने यात चूक काही नाही, देव नव्या रूपात घरात राहतो. पण कलेच्या अभ्यासकाला दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या टाकांची ओळ लावायची झाली, तर सातारा कसा घडवी आणि नगर कसा, हे सांगायला पुरेसा नमुना उरत नाही.

टाकाबरोबरची बाकीची चांदीही अशीच घराघरांतली: पळी-पंचपात्र, ताम्हण, निरांजन, समई, कुंकवाचा करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानाचे तबक, चांदीचा तांब्या. ज्येष्ठा गौरींचे मुखवटे, ग्रामदैवतांचे मुखवटे, मंदिरांच्या गाभाऱ्याचे चांदीने मढवलेले दरवाजे आणि मखरे, पालखी सोहळ्यातले चांदीचे रथ ही याच कामाची मोठी रूपे. यांतल्या कितीतरी भांड्यांवर नाव आहे. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची पद्धत जुनी. कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी लिहिलेले असते: कुणाकडून, कुणाला, कुठल्या लग्नात किंवा मुंजीत, कुठल्या साली. मंदिरातल्या प्रभावळीवर अर्पण करणाऱ्या भक्ताचे नाव, गाव आणि तिथी असते. म्हणजे लिहिता येत होते, लिहिण्याची हौस होती, जागाही होती. दाता लिहिला गेला, घेणारा लिहिला गेला, प्रसंग लिहिला गेला. घडवणारा तेवढा लिहायचा राहिला. या साऱ्या आढाव्यातली ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. आपल्याकडे इतिहासाची जाणीव नव्हती, हे नेहमीचे कारण इथे टिकत नाही, कारण त्याच भांड्यावर तारीख घातलेली आहे.

मराठी मनाला एक सोनार मात्र नावाने ठाऊक आहे: पंढरपूरचे संत नरहरी सोनार. विठ्ठलाच्या कमरेचा साज घडवताना माप पुन्हा पुन्हा चुकण्याची त्यांची कथा घरोघर सांगितली जाते. ते नाव टिकले भक्तीमुळे. त्यांच्या हातची म्हणून दाखवता येईल अशी वस्तू समोर नाही.

नावे येऊ लागली ती इंग्रजी अमदानीत, आणि तीही गिऱ्हाईक बदलल्यामुळे. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. भायखळ्याचे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांना खुले झाले. त्याच्या उभारणीमागे डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड ही मंडळी होती. हे बर्डवूड जन्माने बेळगावचे. १८७५ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरले, देशभर हिंडले आणि संस्थानिकांनी दिलेल्या भेटींचा ढीग घेऊन परतले. त्या वस्तू १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि त्यांची माहिती बर्डवूड यांनी लिहिली. दोन वर्षांनी त्यांचा हिंदुस्थानच्या हस्तोद्योगांवरचा ग्रंथ आला. पुढे कलाशाळेत गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळा निघाल्या आणि तिथे धातूवरचे उठावकामही शिकवले जाऊ लागले. या सगळ्यातून हिंदी चांदीला विलायतेत बाजार मिळाला. बाजाराबरोबर प्रांतांच्या शैलींची नावे पडली: कच्छची दाट पानाफुलांची, मद्रासची देवदेवतांची, काश्मीरची, लखनौची, आणि पुण्याची, जिच्यात देवादिकांच्या आकृती जाड उठावात पत्र्याबाहेर येतात.

या काळातले सर्वांत ठळक नाव भूजच्या उमरसी मावजींचे. कच्छच्या रावांचे ते चांदीकारागीर. आपल्या मालावर ‘ओ. एम.’ अशी अक्षरे आणि ‘भूज’ असे ते ठोकीत. आज जगातली मोठी संग्रहालये त्यांचे काम त्यांच्या नावाने मांडतात. पुण्याच्या बाबतीत हीरप्पा बुचना हे नाव लिलावांच्या आणि संग्रहांच्या सूचींत भेटते. यापलीकडे यादी फार लांबत नाही. विन्यार्ड विल्किन्सन यांनी १८५८ ते १९४७ या काळातल्या हिंदी चांदीवर ग्रंथ लिहिला, विद्या देहेजिया यांनी २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात याच विषयावर प्रदर्शन आणि ग्रंथ सिद्ध केला. दोन्ही कामे मोलाची आहेत. पण त्यांचा विषय आहे साहेबासाठी घडलेली चांदी: चहादाण्या, दुधाचे जग, कार्ड ठेवण्याच्या डब्या, मानपत्रांच्या नळ्या. त्यांतल्या पुष्कळ वस्तू मला नक्षीच्या भाराने गुदमरलेल्या वाटतात. कारागिराचे कौशल्य दाखवण्यासाठी बोटभरही जागा रिकामी सोडलेली नाही. आपल्या स्वतःच्या वापरासाठी घडलेल्या चांदीला तेवढ्या तोलाचा ग्रंथ अजून मिळालेला नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाने दिवे, अडकित्ते, करंडे अशा घरगुती वस्तू प्रेमाने जमवल्या नसत्या, तर पाहायलाही फारसे काही उरले नसते.

गोव्याचे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे. इथे एकाच वस्तूविषयी लिहितो. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ज्या चांदीच्या पेटीत आहे, ती १६३७ मध्ये पुरी झाली. कल्पना मार्चेलो मास्त्रिली या इटालियन जेझुइटाची, हात गोव्याच्या सोनारांचे. पेटीच्या चारही बाजूंना संताच्या चरित्रातले बत्तीस प्रसंग उठावात आहेत. आकृत्यांची मांडणी युरोपीय चित्रांवरून घेतलेली, पण पत्रा उठवण्याची, वेलबुट्टीने कड भरण्याची रीत इथली. ज्या हातांनी मंदिरातल्या देवांच्या प्रभावळी घडवल्या, त्याच परंपरेतले हे हात. खालचा संगमरवरी चौथरा तस्कनीच्या ड्यूकने पाठवला, १६९८ मध्ये तो बसवला गेला. त्याच्या शिल्पकाराचे, फॉगिनीचे नाव प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. वरच्या पेटीबद्दल विचारले तर उत्तर येते: स्थानिक कारागीर. एकाच स्मारकात खाली नाव आणि वर निनावीपण.

जिवंत धंदा पाहायचा तर कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या हुपरीला जावे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून इथे चांदीच्या दागिन्यांचे काम वाढत गेले आणि आज हुपरी व भोवतालच्या गावांत घरोघर ते चालते. पैंजण, तोरड्या, साखळ्या, कमरपट्टे. एका घरी आटणी, दुसऱ्या घरी जंतरातून तार ओढणे, तिसऱ्या घरी कड्या जोडणे, पुढे टाका लावणे, घुंगरू बसवणे, शेवटी उजाळा. जोडकामाचा मोठा वाटा बायकांच्या हातचा. एक पैंजण गिऱ्हाइकाच्या पायात जाण्याआधी असा बऱ्याच घरांतून फिरतो. व्होल्गाकाठच्या क्रास्नोयेशी याचे साम्य थक्क करणारे आहे: एकच गाव, घरोघरचे काम, सामान्य माणसाला परवडणारा माल. पण क्रास्नोयेत झारच्या काळातच दागिनेकामाची शाळा निघाली, नमुने जपले गेले. हुपरीचा माल देशभर जातो आणि दुकानात पोचल्यावर तो दुकानाचा होतो. विदर्भात खामगावला ‘रजतनगरी’ म्हणतात. चोख चांदीच्या भांड्यांसाठी लोक तिथे लांबून जातात. नाशिकच्या पूजेच्या भांड्यांचेही तसेच. या सर्व ठिकाणी गावाला नाव आहे, पेढीला नाव आहे, घडवणाऱ्याला नाही.

असे का झाले, याची कारणे धंद्याच्या रचनेत आहेत. पहिले म्हणजे चांदी गिऱ्हाइकाची असे. घरची मोड द्यायची, घरच्या सोनाराने समोर बसून घडवून द्यायचे. त्याला मिळे ती घडणावळ, म्हणजे मजुरी, आणि तीही वजनावर. वस्तू त्याची कधीच नव्हती, मग तिच्यावर त्याचे नाव कसे असणार? दुसरे, शुद्धतेची हमी राज्याने घेतली नाही. ती सोनार आणि कुटुंब यांच्या पिढीजात विश्वासावर चाले आणि ज्याला सारे गाव ओळखते त्याला शिक्क्याची गरज नसते. इंग्रजांनी स्वतःच्या देशात शतकानुशतके चांदीवर सक्तीने शिक्का मारला, पण तशी सक्ती इथे आणली नाही. तिसरे कारण सर्वांत कठोर आहे. चांदी आपल्याकडे आधी बचत, मग वस्तू. अडीनडीला मोडायची, सुनेच्या अंगाप्रमाणे पुन्हा घडवायची. जे पुन्हा वितळणारच आहे, त्यावर सही करायला कोण बसतो? आणि चौथे, जे बोलायला नको वाटते पण बोलले पाहिजे: हाताने काम करणाऱ्याला आपण कलावंत मानले नाही. तो बलुत्यातला किंवा पेठेतला सोनार, त्याला पैसे चुकते केले की संबंध संपला.

आता शिक्का आला आहे. भारतीय मानक ब्यूरोने २००५ मध्ये चांदीसाठी हॉलमार्क सुरू केला. सोन्याला तो जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, चांदीला ऐच्छिकच राहिला. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या वस्तूंनाही सहा अक्षरी ओळखक्रमांक देण्याची सोय झाली. तो क्रमांक मोबाइलवरच्या ब्यूरोच्या ॲपमध्ये टाकला की वस्तूचा प्रकार, शुद्धता, नोंदणीकृत सराफ आणि तपासणी केंद्र यांची माहिती मिळते. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे उत्तम पाऊल आहे आणि चांदीसाठीही ते सक्तीचे व्हावे असे मला वाटते. पण त्या नोंदीत घडवणाऱ्याला जागा नाही. पीटरच्या कारकुनांनी तीनशे वर्षांपूर्वी जी जागा ठेवली, ती आपण संगणकाच्या काळात ठेवलेली नाही. चांदीच्या पत्र्यावर जागेची अडचण असते, नोंदवहीत कसली अडचण? हुपरीच्या कारखानदाराचा किंवा पुण्याच्या टाक घडवणाऱ्याचा एक संकेतांक त्या नोंदीला जोडणे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम आहे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण भाव. जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या आसपास गेली, तेव्हा जगभर जुनी चांदी वितळली. ती पातळी ऑक्टोबर २०२५ मध्ये ओलांडली गेली. अशा वेळी घराघरांत हिशेब सुरू होतो. जुने तबक वापरात नाही, अत्तरदाणी कोण वापरते, टाक झिजले आहेत, भाव चांगला आहे. गरज असेल तर विकू नये असे मी कुणालाही सांगणार नाही. अडचणीला उपयोगी पडावी म्हणूनच आजीने ती ठेवली होती. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर नेण्याला आळा घालतो, पण त्याचा रोख निर्यातीवर आणि व्यापारावर आहे. आपल्याच गल्लीत वितळणाऱ्या करंड्याकडे पाहायला कुणी नाही.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि नवी मुंबईला ते जमण्यासारखे आहे. महापे इथे उभा राहत असलेला ज्वेलरी पार्क निर्यातीचा विचार करतो, ते योग्यच. त्याच आवारात जुन्या महाराष्ट्रीय चांदीचा नमुनासंग्रह असावा. विकायला आलेली वस्तू वितळण्याआधी तिची छायाचित्रे, मोजमाप, वजन, टंच आणि विकणाऱ्याने सांगितलेले गाव नोंदवणारी पेढी असावी. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये देशभरचे कारागीर येतात. तिथे एखादा आठवडा हुपरी, खामगाव, नाशिक आणि बीदरच्या चांदीकारागिरांना बोलावून, त्यांच्या नावानिशी, समोर बसून काम करताना पाहता यावे. सराफांनीही पावतीवर घडवणाऱ्याचे नाव लिहिण्याची सुरुवात करावी. त्याला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

वाचकांना विनंती मात्र साधी आहे. घरातली जुनी चांदी मोडीत घालण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे पुढून, मागून आणि कडेवर कोरलेल्या अक्षरांचे फोटो काढा. वजन लिहा. ती माहेरची की सासरची, कुठल्या गावची, कुठल्या लग्नातली, हे लिहा. आणि घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले कुणी असेल तर त्यांना आपल्या घरचा सोनार कोण होता हे विचारा. ते नाव बहुधा फक्त त्यांनाच ठाऊक असेल. याच महिन्यात विचारा आणि वहीत लिहून ठेवा.